मयताच्या दारची तुती

घरात अळ्या राहत होत्या आणि माणसं ओसरीवर.

दाशबुलाग गावात वसंत संपत आला की घरोघर हेच चालायचं. गालिचे गुंडाळायचे, अंथरुणं बाहेर काढायची, खोलीत खांब ठोकून एकावर एक माच बांधायचे आणि त्यांवर रेशमाच्या अळ्या सोडायच्या. सैयारेनं यंदा दोन्ही खोल्या दिल्या होत्या. ती, तिचा नवरा मुर्सेल आणि लग्नाला आलेली मुलगी खुरामान ओसरीवर ओळीनं पडायची. झोप म्हणावी अशी कुणालाच नव्हती.

अळ्यांनी शेवटची कात टाकली होती. कोष विणायला बसण्याआधीची ही भूक राक्षसी असते. सुरुवातीला चिरलेलं मूठभर पान पुरतं. आता अख्खी फांदी टाकली तरी चुलीवर पाणी उकळेपर्यंत नुसत्या काटक्या उरत. या दिवसांत खाणं चुकलं तर कोष पातळ होतो. फारच चुकलं तर अळी विणतच नाही, काळी पडून माचाच्या कडेला लोंबते. वर्षाचं पीठ, खुरामानच्या लग्नाच्या गाद्या, मुर्सेलचे हिवाळ्याचे बूट, सगळं त्या माचांवर वळवळत होतं.

अंड्यांचे डबे सामूहिक शेतीचा ब्रिगेडियर, म्हणजे मुकादम, वाटायचा. गझनफर त्याचं नाव. डबे देताना तो घरातल्या खोल्या मोजायचा, झाडं मोजायचा नाही. दोन खोल्या आहेत? घ्या दोन डबे. पानं कुठून आणायची? कालव्यावरची झाडं आहेत की! कालव्यावरची झाडं सगळ्या गावानं ओरबाडून आता झाडूच्या काड्यांसारखी उभी होती. गझनफरच्या स्वतःच्या घरात मात्र एकही अळी नव्हती. त्याच्या बायकोचं वासानं डोकं दुखतं म्हणे. डोकं काय ते ब्रिगेडियरच्या बायकोलाच दिलेलं असतं, बाकीच्यांच्या मानेवर भोपळे.

मुर्सेल गाढव घेऊन नदीपलीकडे जायचा. दुपार कलली की फांद्यांच्या भाऱ्यामागं परत यायचा, खांदे सोललेले, शर्ट चिकटलेला. त्या दिवशी भारा नेहमीच्या निम्मा होता.

"एवढाच?" सैयारे म्हणाली.

"नाही, बाकीचा हमाल घेऊन येतोय मागून," मुर्सेल म्हणाला आणि ओसरीच्या पायरीवर बसला. "पलीकडच्या गावची माणसंही तिथंच येतात. आज दगड उचलला एकानं माझ्यावर."

"लागला?"

"लागला असता तर एवढा तरी आणला असता का?"

खुरामाननं भारा सोडला. पानांवर रस्त्याची धूळ होती. तशी घातली की अळ्यांना हगवण लागते. ती एकेक फांदी ओल्या फडक्यानं पुसू लागली. आणि पुसता पुसता तिघांचीही नजर भिंतीकडे गेली.

नदीतल्या गोट्यांची ती भिंत. भिंतीपलीकडे इस्फंदियारचं अंगण. अंगणात तुतीची जुनी झाडं, तळहाताएवढी पानं, एकालाही कुणाचा कोयता लागलेला नाही. इस्फंदियार आणि त्याची बायको झरनिगार म्हातारी झाली होती, त्यांनी अळ्या पाळणं केव्हाच सोडलं होतं. अख्खं गाव त्याला अमी म्हणायचं, काका. मुर्सेल सोडून. मागच्या साली भिंतीवरून आलेली एक फांदी मुर्सेलनं तोडली होती. म्हाताऱ्यानं चहाच्या दुकानात, भरल्या बाकांसमोर विचारलं, "पानचोरा, आज कुणाच्या झाडाचा नंबर?" बाकं हसली. मुर्सेलनं पेला जमिनीवर आपटला आणि तेव्हापासून दोन्ही घरांत सलाम नाही, कलाम नाही. नवरोजला रुसलेली माणसं एकमेकांच्या दारात जातात. म्हाताऱ्यानं त्या दिवशी दार सताड उघडं ठेवलं होतं. मुर्सेल गेला नाही.

"अजून एकदा म्हणते," सैयारे हळूच म्हणाली, "मी जाऊन विचारते. बायकांचं बायकांत."

"गेलीस तर परत येऊ नकोस."

"मग अळ्यांना तुझा ताठा घालू? खातील?"

मुर्सेल उठून गाढवाला पाणी दाखवायला गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता भिंतीपलीकडून झरनिगारची किंकाळी आली.

सैयारे माचाजवळ उभी होती, हातात शेवटची फांदी. तिला कळलंच. म्हातारा गेला. आणि पहिला विचार तिच्या मनात आला तो पानांचा. आता ती झाडं कुणाची? तिनं स्वतःच्या तोंडावर चापट मारली, तोबा तोबा म्हणाली. पण विचार आला तो आलाच. भुकेल्या घरात तो कुणालाही आला असता. ज्यांना आला नसता त्यांच्या घरात पीठ असतं.

"खुरामान, ऐक," ती म्हणाली. "मला आता तिकडं जावं लागेल. मयताला हात लागलेल्या माणसानं अळ्यांच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, ठाऊक आहे ना? मी आत येणार नाही. तुझा बापही नाही. तू उंबरा ओलांडू नकोस. कुणालाही आत घेऊ नकोस. खिडकीच्या फटीत ओलं फडकं कोंब."

"फडकं कशाला?"

"मयताच्या नावानं हलवा करतील. तुपात पीठ भाजतील. त्या वासानं अळ्या खाणं टाकतात."

"आणि पानं?"

सैयारे डोक्याला काळा रुमाल बांधत बाहेर पडली.

आमच्याकडे शेजारी मेला की शेजाऱ्याचं घर स्वतःचं राहत नाही. त्याच्या चुलीवर मयताघरची डेग चढते, त्याच्या गालिच्यांवर रडायला आलेल्या बायका बसतात, त्याचा चहाचा समोवार मंडपात जातो. शेजाऱ्याच्या पुरुषानं कबर खणायची, तिरडीला खांदा द्यायचा, चहा फिरवायचा. सलाम-कलाम असो नसो. आणि त्या दिवशी गावात कुणी शेतात फावडं मारत नाही, कुऱ्हाड चालवत नाही. म्हणजे मुर्सेल नदीपलीकडे जाणार नव्हता. म्हणजे आज पान नव्हतं.

सूर्य वर आला तशा आजूबाजूच्या गावांतल्या बायका गल्लीत उतरू लागल्या. झरनिगारची खोली भरली, ओसरी भरली. मासूमे खाला कमरेवर हात ठेवून सैयारेच्या दारात आली. गावातलं प्रत्येक रडणं तिच्या हुकमानं सुरू व्हायचं आणि तिच्या हुकमानं थांबायचं.

"मोठी खोली उघड गं. बायकांना उन्हात बसवतेस?"

"खोलीत अळ्या आहेत, खाला. ओसरी घ्या, अंगण घ्या, माझी अंथरुणं घ्या."

"माच उचलून ठेवा एका बाजूला."

"खाला, शेवटची भूक आहे त्यांची. हलवल्या तर मरतील."

"म्हणजे किड्यांना छप्पर आणि रडणाऱ्यांना ऊन!" मासूमे मागच्या बायकांकडे वळली. "ऐकलंत? नवरा नवरोजला आला नाही, बायको मयतालाही दार उघडत नाही."

सैयारेची नजर बायकांच्या डोक्यांवर गेली. समोरच्या प्रत्येक बाईच्या डोक्याला रेशमी रुमाल होता, काळा, शेकी शहराच्या बाजारातून आणलेला, अंगठीतून ओढला तर निघेल असा तलम.

"तुमच्या डोक्यावर जे आहे ना, खाला," ती म्हणाली, "ते कुठल्या झाडाला लागत नाही. ते या खोलीत विणतात. रुमाल हवा आणि अळी नको, हे कसं जमायचं?"

मासूमे थुंकली, सैयारेच्या पायाजवळ नाही पण फार लांबही नाही, आणि बायकांना घेऊन ओसरीवर बसली. खोली वाचली. पण हे बोलणं आता आपल्या मयतापर्यंत गावात फिरणार, हे सैयारेला कळत होतं.

मयत धुतलं. पुरुषांनी तिरडी उचलली, टेकाडावरच्या कबरस्तानाकडे गेले. मुर्सेलनं कबर खणली होती, खांदाही दिला. ज्यानं चोर म्हटलं त्याला खाली उतरवताना त्याचा चेहरा कसा होता ते बायकांनी पाहिलं नाही. आमच्यात बायका कबरस्तानात जात नाहीत. परत आला तेव्हा त्याच्या नखांत माती होती आणि तो सैयारेकडे न बघता मंडपामागच्या समोवारापाशी उभा राहिला.

सैयारे खिडकीशी गेली. फडक्याआडून हाक मारली, "पोरी, काय करताहेत?"

"डोकी वर काढून हलवताहेत," खुरामानचा आवाज रडवेला होता. "सगळ्या. माचाच्या कडेकडेनं चढताहेत. काही खाली पडताहेत. मी वेचून वेचून परत ठेवतेय, आई, त्या परत चढतात. काटक्यांच्या साली खायला लागल्यात."

"काळी पडली का कुठली?"

"नाही. अजून नाही."

"ओल्या हातानं धरू नकोस," सैयारे म्हणाली.

मंडपामागं तिनं मुर्सेलला गाठलं. तो पेले विसळत होता.

"अळ्या संध्याकाळपर्यंत नाही टिकणार," ती म्हणाली.

"मग मी काय करू? कबर खणलेल्या हातानं नदीपलीकडे जाऊ? लोक तोंडावर थुंकतील."

तेवढ्यात गझनफर आला. तोही मयताला आला होता, काळी टोपी, चकचकीत बूट. त्यानं पेला पुढं केला आणि आवाज खाली आणला. "मुर्सेल, अल्ला अमीला जन्नत देवो. बरं, तुमचे कोष वेळेवर येतील ना? वरून विचारणा आहे."

"पानं नाहीत," सैयारे म्हणाली.

"बाजी, मी काय झाड आहे का? शोधा. गावानं शोधलीच ना?" दाताखाली साखरेचा खडा धरून त्यानं चहाचा घोट घेतला. "तिसरा दिवस होऊ द्या, मग कापा कुठं कापायचं ते. दुःखाच्या घरी हे विषय काढू नयेत." विषय त्यानंच काढला होता.

आतून मासूमेची हाक आली. शेजारणीची पाळी होती.

खोलीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. मधोमध झरनिगार बसली होती, केस सुटलेले, गालांवर नखांचे ओरखडे, समोर म्हाताऱ्याची मेंढीच्या कातड्याची टोपी. एक बाई शोकाचे बोल उचलायची, बाकीच्या मांडीवर हात आपटत हुंकार द्यायच्या. बोल पाठ केलेले नसतात, बसल्या जागी सुचायला लागतात. मासूमे म्हणत होती,

"समोवार उकळतोय, अमी,
तुझा पेला पालथा.
सगळ्यांना दार सापडलं,
तुला बाहेरचा रस्ता."

खोलीनं हुंकार दिला. मासूमेनं सैयारेकडे बोट केलं. बघू या, भिंतीपलीकडची काय रडते, असा त्या बोटाचा अर्थ होता. सगळ्या वळल्या.

सैयारेच्या डोक्यात एकही बोल नव्हता. तिथं फक्त कडेकडेनं चढणाऱ्या अळ्या होत्या. तिनं डोळे मिटले आणि म्हाताऱ्याबद्दल जे खरं वाटलं ते उचललं,

"तुझ्या हातची झाडं, अमी,
पानापानानं भरली.
सावली पडते दारात,
बसणाऱ्याची वेळ सरली."

हुंकार आला. चांगला आला. झरनिगारनं मान डोलवली, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं. सैयारेनं तिथंच थांबायला हवं होतं. जगातली कुठलीही शहाणी बाई थांबली असती. पण पुढचा बोल आपोआप आला,

"भिंतीअलीकडे पानं, अमी,
भिंतीपलीकडे भूक..."

आणि तिथं ती अडली. पुढची ओळ सुचेना. बायका मांडीवर हात उचलून थांबल्या. सैयारेनं डोळे उघडले, समोर झरनिगारचा चेहरा होता, आणि तिच्या तोंडून साधं बोलणंच पडलं, "झरनिगार खाला, माझ्या अळ्या मरताहेत. पानं दे."

बाहेर समोवारातलं पाणी सळसळत होतं ते ऐकू येऊ लागलं.

"लाज!" मासूमे ओरडली. "मयताची माती ओली आहे आणि ही भीक मागते! तीही शोकाच्या बोलात! असं या गावात कुणी कधी केलं नाही!"

"बाहेर काढा तिला," कुणीतरी मागून म्हणालं. कुणीतरी सैयारेचा रुमाल ओढला. दुसरीनं खांद्यावर धक्का दिला. सैयारे हलली नाही. तिला आता लाजही वाटत नव्हती, भीती वाटत होती ती फक्त झरनिगारच्या गप्प बसण्याची. म्हातारी टोपीवरून बोटं फिरवत होती, लोकर सारखी करत होती.

"मुर्सेलनं पाठवलं तुला?" शेवटी तिनं विचारलं.

"नाही. त्याला कळलं तर मला घरात घेणार नाही."

"माझ्या माणसानं त्याला चारचौघांत चोर म्हटलं," झरनिगार म्हणाली. रडून रडून तिचा आवाज फाटला होता. "नवरोजला दिवसभर दाराशी बसला तो. मी म्हटलं, आत या, थंडी आहे. म्हणाला, येईल, शेजारी आहे. अंधार पडेपर्यंत बसला. आता मुर्सेलला सांग, तेव्हा नाही आलास, आता ये. भिंतीवरून नाही, फाटकातून. मंडपासमोरून. सगळ्यांच्या देखत माझ्या झाडावर चढ आणि काढ हवी तेवढी. आत्ता. तिसऱ्या दिवशी नाही."

"झरनिगार, भान आहे का?" मासूमे म्हणाली. "बाहेर कुराण चाललंय!"

"नवरा माझा मेलाय," झरनिगार म्हणाली. "भान तुला कशाला हवं?"

सैयारे धावतच समोवारापाशी आली. ऐकून मुर्सेलचा चेहरा राखेसारखा झाला.

"मयताच्या दारात कोयता चालवू? मुल्लासमोर? सगळी पंचक्रोशी बसलीय तिथं!"

"तिनं सांगितलंय. घरमालकिणीनं."

"तिला माझं नाक कापायचंय."

"कापू दे! नाकानं काय खातोस?"

"सैयारे, हळू."

"चढतोस का नाही?"

त्यानं पेले एकात एक ठेवले, परत वेगळे केले. मान हलवली. नाही.

सैयारे घराच्या मागं गेली. गाढवाच्या खोगिराला अडकवलेला कोयता काढला, कमरेच्या पट्ट्यात खोवला आणि फाटकातून, मंडपाच्या समोरून, पुरुषांच्या रांगांमधून चालत झरनिगारच्या अंगणात शिरली. काळा रुमाल, काळा झगा, पायात रबरी गालोशा. झाडाखाली गालोशा काढल्या. बुंध्याला पोट लावून, गुडघे खरचटत वर चढली. लहानपणी चढली होती, त्यानंतर कधी नाही. बाई झाडावर चढतेय म्हटल्यावर पुरुषांनी माना खाली घातल्या, एकेकानं आपापल्या पेल्यात डोळे रोवले. मुल्लाचा आवाज अडखळला, मग त्यानं मुद्दाम तो चढवला.

पहिला घाव पडला. फांदी खाली आली. कुराणातली आयत संपेपर्यंत तरी थांबेल असं वाटलं असेल कुणाला, पण ती थांबली नाही. दुसरा घाव. तिसरा. सालीचा पांढरा चीक तिच्या मनगटावर ओघळत होता.

गझनफर झाडाखाली आला. वर न बघता दात दाबून म्हणाला, "उतर खाली. जिल्ह्याची माणसं आलीत. काय म्हणतील?"

"तुझे डबे घेऊन जा घरी," वरून सैयारे म्हणाली, आणि तिनं आवाज दाबला नाही. "तुझ्या बायकोच्या खोलीत ठेव. मग उतरते."

मंडपात कुणाला तरी खोकला आला. तो खोकला नव्हता. गझनफर चकचकीत बुटांनी फांद्या चुकवत परत गेला.

मग झरनिगार बाहेर आली. केस तसेच सुटलेले. शोकातल्या बाईनं तीन दिवस जागचं उठायचं नसतं, काडी उचलायची नसते. सगळ्यांना वाटलं, थांबवणार. ती झाडाखाली गेली, वाकली, फांदीचं टोक दोन्ही हातांनी धरलं आणि भिंतीकडे ओढू लागली. फांदी तिच्यापेक्षा मोठी होती. दोन पावलं ओढायची, दम खायची. ओसरीवरच्या बायका बघत राहिल्या. एकही उठली नाही.

मुर्सेलनं हातातला पेला ठेवला. मंडपातून जायची त्याची छाती झाली नाही. तो मागच्या वाटेनं स्वतःच्या अंगणात गेला आणि भिंतीपाशी उभा राहिला. या बाजूनं झरनिगार फांदी वर उचलायला धडपडत होती, दर वेळी ती गोट्यांना अडकून मागं घसरत होती. भिंतीवरून दोन हात आले, नखांत कबरीची माती असलेले.

"धर," झरनिगार म्हणाली.

"दे, खाला."

फांदी पलीकडे गेली. ओलं फडकं ओढल्याचा आवाज आला, मग खुरामानचा. "अजून, बाबा, अजून!" दुसरी फांदी गेली. तिसरी जड होती, दोघांनी मिळून भिंतीवर चढवली. मध्ये एकदा दोघांचे चेहरे समोरासमोर आले, मधे फक्त पानं.

"मी माफ केलेलं नाही," झरनिगार म्हणाली.

"मागितलीही नाही," मुर्सेल म्हणाला. मग, मान खाली घालून, "तोंड नाही मागायला."

म्हातारीनं ते ऐकलं की नाही, कळलं नाही. तिनं घाम पुसला, गालावरच्या ओरखड्यांना मीठ लागलं तसं तोंड वाकडं केलं आणि झाडाकडे वळली.

"सैयारे!" ती ओरडली. "खालच्या सोड, त्यांच्यावर गल्लीची धूळ आहे. वरच्या काढ!"

वरच्या फांद्या बारीक होत्या. सैयारेनं पायानं एक दाबून बघितली, ती वाकली, तिनं श्वास धरला आणि तिच्यावर दुसराही पाय टाकला.